दारू सोडण्याची भीती



दारू वाईट, हे पिणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. घरातली भांडणे, सोसायटीचे थकलेले कर्ज, पोटाचे दुखणे तो रोजच पाहतो. तरीही ती सुटत नाही, याचे एक मोठे कारण म्हणजे भीती. रात्री झोप कशी लागेल? सोबती काय म्हणतील? आणि चार दिवसांत पुन्हा प्यालो, तर घरी तोंड कसे दाखवू?

ही भीती नवी नाही. मिसरातून सुटलेले इस्राएली लोक रानात असताना तिकडची काकडी, खरबूज, कांदे आणि लसूण आठवून रडले (गणना, अध्याय ११). आपण तिथे गुलाम होतो, हे ते विसरले. सवयीची गुलामगिरीसुद्धा माणसाला बरी वाटते! देवाने मात्र त्यांना मागे पाठविले नाही. त्या त्या दिवसापुरता मान्ना दिला.

डब्लिन शहरातील मजूर मॅट टॅल्बट (१८५६–१९२५) यांना पोरवयातच दारू लागली. दारूसाठी त्यांनी एका गरीब वादकाचे फिडलही चोरले होते. १८८४ साली, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यांनी धर्मगुरूंपुढे शपथ घेतली, तीही फक्त ३ महिन्यांची. पुढे ती वाढवीत नेली आणि मरेपर्यंत पाळली. रोज मिस्सा ऐकली, जुनी देणी फेडली, आणि गुत्त्यात पाय वळू नये म्हणून खिशात पैसे ठेवणेच बंद केले. पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली त्यांना 'वंदनीय' घोषित केले. संतपदाच्या वाटेवरील ही एक पायरी आहे.

आता शरीराविषयी. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम होतो, नसलेल्या वस्तू दिसतात. यात जीवही जातो. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात जाऊन आपण किती पितो ते डॉक्टरांना खरे सांगावे. औषधांनी हे दिवस सुखरूप निभावतात. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. वैद्याचा मान राखा, असे सिराकचा ग्रंथही शिकवितो (अध्याय ३८).

तरव्यातून उपटलेले भाताचे रोप लावणीनंतर काही दिवस पिवळे पडते. म्हणून कोणी ते उपटून पुन्हा तरव्यात नेत नाही. बांधात पाणी राखून मूळ धरण्याची वाट पाहतो. सोडणाऱ्याचे पहिले दिवस असेच असतात.

घरात एवढे करावे :

१. शपथ आजच्या दिवसापुरती घ्यावी. उद्या सकाळी पुन्हा घ्यावी.

२. बाजारच्या दिवशी मालाचे पैसे घरच्या माणसाने सांभाळावेत आणि येताना गुत्त्याची वाट टाळावी.

३. मळणीच्या गड्यांना दारूऐवजी चहा, आंबील आणि पोटभर जेवण द्यावे.

४. पापनिवेदन करावे व मनातली भीती फादरांना सांगावी.

५. घरच्यांनी टोमणे मारू नयेत. पुन्हा प्याला तर त्याला परत दवाखान्यात न्यावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे.

पेत्र पाण्यावरून चालताना वारा पाहून भ्याला व बुडू लागला (मत्तय, अध्याय १४). त्याने हाक मारली आणि येशूने लगेच हात धरला. प्रभूने आधी भीती घालव, मग ये, असे म्हटले नाही. आपणही भीतीसकटच पाऊल टाकावे आणि हाक मारावी.

प्रार्थना : हे प्रभो, मला उद्याचे भय वाटते. आजच्या दिवसापुरता माझा हात धर. आमेन.