हार्डवेअर वॉलेटचं अ‍ॅप: चेक कोण लिहितं, सही कोण करतं?

हार्डवेअर वॉलेट घेतलं की सोबत एक अ‍ॅप लागतं. लेजरसाठी लेजर वॉलेट (२०२५ पर्यंत त्याचं नाव लेजर लाइव्ह होतं), ट्रेझरसाठी ट्रेझर सूट. बरेच जण समजतात की आपले कॉइन त्या अ‍ॅपमध्ये आहेत. तसं नाहीये.

दुकानाचं उदाहरण घ्या. मुनीम खातं दाखवतो, चेक लिहितो, पण सही मालकाचीच. इथे अ‍ॅप म्हणजे मुनीम आणि डिव्हाइस म्हणजे मालक. कॉइनची नोंद ब्लॉकचेनवर असते आणि प्रायव्हेट की डिव्हाइसच्या आत. अ‍ॅपकडे फक्त पब्लिक की असते. तिच्यावरून शिल्लक दिसते, खर्च करता येत नाही.

पैसे पाठवताना काय होतं?

१. अ‍ॅपमध्ये तुम्ही पत्ता आणि रक्कम भरता.
२. तो व्यवहार डिव्हाइसच्या स्क्रीनवर येतो.
३. तुम्ही मंजुरी दिली की डिव्हाइस आतल्या आत सही करतं. बाहेर फक्त सही येते, की नाही.
४. अ‍ॅप तो व्यवहार नेटवर्कवर पाठवतं.

आता मुद्द्याचं. लॅपटॉपमध्ये व्हायरस असेल तर अ‍ॅपमध्ये दिसणारा पत्ता बदलू शकतो. म्हणून खरा पत्ता डिव्हाइसच्या स्क्रीनवरचा. ग्राहकाला तुमचा पत्ता देतानाही तिथेच ताडून बघा. न वाचता ओके दाबणं म्हणजे न वाचता चेकवर सही करणं, आणि इथे बँकेला फोन करून चेक थांबवता येत नाही.

अ‍ॅप डिलीट झालं, लॅपटॉप बिघडला, तरी कॉइन जात नाहीत. डिव्हाइस हरवलं तरी रिकव्हरीच्या शब्दांवरून नव्या डिव्हाइसवर सगळं परत येतं. पण म्हणूनच ते १२, २० किंवा २४ शब्द ज्याच्या हाती, कॉइन त्याचे. अ‍ॅपने "सगळे शब्द इथे टाइप करा" म्हटलं की समजा, अ‍ॅप बनावट आहे. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवरच लेजरच्या नावाचं खोटं अ‍ॅप आलं होतं आणि लोकांचे बिटकॉइन गेले. डाउनलोड करायचं ते कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच. सर्चमधल्या जाहिरातीवर क्लिक नको.

अजून एक फायदा. अ‍ॅपमधून व्यवहारांची सीएसव्ही फाइल निघते, ती सीएला द्या. आपल्याकडे २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे.

आजचा गृहपाठ: आधी अगदी छोटी रक्कम पाठवा, दोन्ही स्क्रीनवरचा पत्ता अक्षर न अक्षर जुळवा. ही सवय लागली की मगच मोठा व्यवहार करा.