गल्लीची समिती : एक अनुभव, एक अभ्यास

स्थानिक स्वराज्य हा विषय द्वितीय वर्षाला मी परीक्षेपुरता वाचला होता. तो पुन्हा नीट वाचावा लागला, तो आमच्या गल्लीतील नळामुळे. वरच्या टोकाचे घरमालक नळाला मोटारी लावून पाणी खेचीत आणि खालच्या टोकाच्या भाडेकरूंच्या हंड्यात करंगळीएवढी धार पडे. एके दिवशी भांडण हातघाईवर आले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी गल्लीची समिती नेमण्याचे ठरविले. कॉलेजात जाणारा म्हणून चिटणिसाचे काम माझ्या गळ्यात पडले. त्या निमित्ताने जे वाचले व जे पाहिले, ते येथे मांडीत आहे.

प्रथम कायदा पाहू. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. त्याच वर्षी १ जून रोजी शहरांसाठीची ७४ वी दुरुस्ती अमलात आली. परंतु तिच्यात सर्व मतदारांची अशी सभा नाही. प्रभाग समित्या बंधनकारक आहेत, त्या ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. पुढे २००९ साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून क्षेत्रसभेची, म्हणजे ठरावीक मतदान केंद्रांतील सर्व मतदारांच्या सभेची, तरतूद केली. आमच्या गल्लीत मात्र अशी सभा भरल्याचे कोणालाच आठवत नाही. तेव्हा आमची समिती स्वेच्छेची. तिला दंड करण्याचा अधिकार नाही. ती सर्वांच्या वतीने बोलते, एवढेच तिचे बळ.

आणि नेमके तेच बळ आम्ही पहिल्या दिवशी घालविले. सभा मंदिराच्या सभामंडपात, सायंकाळी साडेसहाला बोलाविली. आले नऊजण, सारे पुरुष, सारे घरमालक. साडेसहा ही पाणी येण्याची वेळ, म्हणून बायका नळावर. मागच्या बोळातील मुसलमान कुटुंबांना मंदिरात यावे की नाही, हा संकोच. भाडेकरूंना तर कोणी निरोपच धाडला नव्हता. ठराव एकमताने झाला आणि दुसऱ्याच दिवशी नळावर पुन्हा भांडण!

याच सुमारास भिवंडीविषयी वाचनात आले. यंत्रमागांच्या त्या गावात १९७० व १९८४ साली भीषण दंगली झाल्या. त्यानंतर तेथील पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. त्यांत दोन्ही समाजांची सामान्य माणसे एकत्र बसत आणि किरकोळ तंटे पेटण्यापूर्वीच मिटवीत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. यावरून मी एवढेच शिकलो की, ज्यांचे भांडण आहे, ते दोघेही समितीत हवेत. शहाण्यासुरत्या त्रयस्थांची समिती उपयोगाची नाही.

दुसरी सभा आम्ही रविवारी दुपारी चार वाजता, नगरपालिकेच्या शाळेच्या ओट्यावर घेतली. प्रत्येक घरी, भाड्याच्या प्रत्येक खोलीत मी स्वतः निरोप दिला. अकरा सभासद निवडले. त्यांत पाच स्त्रिया, चार भाडेकरू, मागच्या बोळातील दोघे. संस्था नोंदणीच्या १८६० च्या कायद्याला सात सभासद पुरतात. पण वर्गणी सुरू होईपर्यंत नोंदणीची घाई नको, असे ठरले. इतिवृत्ताची वही मात्र घातली. प्रत्येक ठराव सभेतच मोठ्याने वाचून दाखवायचा, हा नियम एका भाडेकरू मावशींनी सुचविला. त्यांना वाचता येत नाही.

पहिला ठराव असा : पाणी आल्यावर पहिला अर्धा तास कोणीही मोटार लावू नये. ठराव वाचताना माझा आवाज जरा अडखळला, कारण गल्लीतील सर्वांत मोठी मोटार आमच्याच घरची. वडील काही न बोलता उठून गेले. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी पाणी आले, तेव्हा ते मोटारीच्या बटणापाशी घड्याळ घेऊन बसले होते.

आमची गच्चीवरची टाकी आता पूर्ण भरत नाही. खालच्या टोकाचे हंडे भरतात. मित्रहो, ग्रामसभेची व्याख्या मी परीक्षेत बिनचूक लिहिली होती. परंतु तिची किंमत कोणी मोजायची असते, हे मला त्या अर्ध्या तासात कळले.