हा आयगेन कोण?

एम-वनच्या पेपरात हक्काचे मार्क देणारा प्रश्न कोणता म्हटलं, तर निम्मं हॉस्टेल 'आयगेन व्हॅल्यू' असं उत्तर देईल. ए वजा लॅम्डा आय, डिटरमिनंट बरोबर शून्य, लॅम्डा काढा, चौकट करा, विषय संपला. पण ओरलला सरांनी विचारलं, की आयगेन म्हणजे काय? लाप्लास होता, केली होता, हॅमिल्टन होता, तसाच आयगेन नावाचा कुणी बाबा असणार, असं आमच्या विंगमध्ये बऱ्याच जणांचं ठाम मत आहे.

मॅनफ्रेड आयगेन नावाचे जर्मन रसायनशास्त्रज्ञ खरंच होऊन गेले. १९६७ साली त्यांना नोबेलही मिळालं. पण आपल्या मॅट्रिक्सशी त्यांचा काडीचा संबंध नाही.

आयगेन हे जर्मन भाषेतलं अगदी रोजच्या वापरातलं विशेषण आहे. अर्थ, स्वतःचा. 'माझी स्वतःची खोली' म्हणताना जर्मन माणूस हाच शब्द वापरतो. (उच्चार 'आयगन'च्या जवळपास. 'इजन' नको.)

एवढा अर्थ कळला की गणित बोलायला लागतं. एक मॅट्रिक्स घ्या. वरची ओळ २, १ आणि खालची १, २. त्याने (१, ०) या व्हेक्टरला गुणलं तर (२, १) मिळतो, म्हणजे दिशा बदलली. (१, १) ला गुणलं तर (३, ३). लांबी तिप्पट झाली, पण दिशा तीच! बाकीच्यांना हे मॅट्रिक्स वळवतं, या दिशेला वळवत नाही. ही त्याची स्वतःची दिशा आणि ३ ही त्याची स्वतःची किंमत. दुसरी दिशा (१, -१), तिची किंमत १.

हा शब्द गणितात रुजवला डेव्हिड हिल्बर्ट यांनी, १९०४ च्या सुमारास. पुढे १९२६ मध्ये श्रोडिंजर यांनी आपल्या गाजलेल्या पेपरच्या शीर्षकातच तो घातला आणि क्वांटमच्या लाटेबरोबर तो इंग्रजीत शिरला. खरं तर इंग्रजांकडे स्वतःचे शब्द होते. सिल्व्हेस्टर यांनी १८८३ मध्ये 'लेटंट रूट' सुचवला होता, 'कॅरॅक्टरिस्टिक रूट' तर आजही पुस्तकात दिसतो. फ्रेंच आणि रशियन लोकांनी आपापल्या भाषेतला 'स्वतःचा' हा शब्द लावून काम भागवलं. इंग्रजांनी मात्र अर्धा जर्मन, अर्धा इंग्रजी असा जोड दिला, आपल्या 'रेल्वेगाडी'सारखा.

आता गंमत. आयगेनचं मूळ 'मालकी असणे' या अर्थाच्या प्राचीन धातूत आहे. इंग्रजीतला 'ओन' त्याचा सख्खा भाऊ. आणि संस्कृतमधला 'ईश्' हा धातू त्याच कुळातला! ईश म्हणजे धनी, स्वामी. तेव्हा हॉस्टेलच्या यादीतले सगळे गणेश, महेश, रमेश हे आयगेनचे लांबचे नातेवाईक निघाले.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली, झेडपीच्या शाळेतून आलेली कितीतरी पोरं पहिल्या सेमिस्टरला असे शब्द ऐकून गार पडतात. 'आपलं इंग्लिश कच्चं' म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसतात. अरे, हा शब्द इंग्रजी नाहीच! इंग्रजांनाही तो उसना घ्यावा लागला. आणि त्यामागची गोष्ट तुम्ही शेतात पाहिलेली आहे. ट्रॅक्टरची रेस वाढवत नेली की एका ठरावीक ठिकाणी मडगार्ड जोरात थडथडतं, पुढे गेलं की शांत होतं. त्या पत्र्याची ती स्वतःची फ्रिक्वेन्सी. जर्मन लोक तिलाही आयगेनच लावतात. थर्ड इयरला व्हायब्रेशनमध्ये आम्ही तीच काढत बसतो, आयगेन व्हॅल्यू म्हणून.

पेपरात मात्र आयगेनच लिहा, 'स्वमूल्य' लिहून तपासणाऱ्याला कोड्यात टाकू नका.

आणि एक घरचा अभ्यास. वरची ओळ २, १ आणि खालची ०, २ असं मॅट्रिक्स घ्या. त्याला स्वतःची दिशा एकच सापडेल. दुसरी का नाही, यावर मेसच्या रांगेत डोकं लावा. रांग भरपूर मोठी असते.