नवं घर सजवताना नेकनूरचं ऊन विसरू नकोस

चि. ताईस,


इंटीरियर डिझाइनचा डिप्लोमा पुरा करून तू पुण्यात न थांबता बीड जिल्ह्यातल्या नेकनूरलाच काम सुरू केलंस, हे आक्काकडून कळलं. घरात सगळ्यांना आनंद झाला. पहिल्याच घरमालकानं मोबाइलवर फोटो धाडलेत म्हणे: पीओपीचं छत, त्यात लपवलेल्या एलईडी पट्ट्या, टीव्हीमागे उभ्या चरांचं पॅनल, चकचकीत फरशी, हॉलला लागून उघडं स्वयंपाकघर. येत्या चार-पाच वर्षांत यातलं काय चालेल आणि काय मागे पडेल, असं तू विचारलं आहेस. मामाचं सांगणं असं, की कॅटलॉग जरूर चाळावा, पण निवड नेकनूरच्या उन्हाला, धुळीला आणि पाण्याला विचारून करावी.

रंगांचंच घे. पँटोन ही अमेरिकी कंपनी दरवर्षी एक ‘वर्षाचा रंग’ जाहीर करते. २०२५ साठी तिनं ‘मोका मूस’ हा तपकिरी रंग निवडला, २०२६ साठी ‘क्लाउड डान्सर’ हा पांढरा. तपकिरी भिंतीला वर्ष होत नाही तोच पांढऱ्याची हवा! नेकनूरचा शिक्षक, दुकानदार किंवा शेतकरी मात्र घराला मोठा हात लावतो तो दहा-पंधरा वर्षांतून एकदा. म्हणून पडदे, उशांचे अभ्रे, एखादी भिंत अशा स्वस्तात बदलणाऱ्या गोष्टींत फॅशनला मोकळीक द्यावी. फरशी, ओटा, वायरिंग, खिडक्या या गोष्टी एकदाच होतात. त्या ठरवताना घरात राहणाऱ्यांची गरज बघावी.

तरीही एक कल वर्षा-दोन वर्षांत विरणारा दिसत नाही. मातकट रंग, चुन्याचा गिलावा, वेत, लाकूड, हातमागाचं कापड, दुरुस्त करून वापरलेलं जुनं सामान यांकडे जगभरची घरं वळत आहेत. चंदीगड वसवताना वास्तुकार पिएर जनरे यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या साध्या खुर्च्या केल्या. पुढे त्या मोडक्या म्हणून भंगाराच्या भावात गेल्या आणि परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखोंचे भाव आले. जुन्या वाड्यातली घडवंची किंवा शिसवी पेटी कुणी विकायला काढली, तर घरमालकाला आधी थांबव. सुताराकडून तिचे सांधे घट्ट करून, पॉलिश मारून ती हॉलमध्ये ठेवता येते.

आपल्या भागातल्या माळवदाच्या घरात यातलं पुष्कळसं होतंच. जाड भिंती, लाकडी तुळया, त्यांवर पांढऱ्या मातीचा थर, उजेडासाठी सवणं, भिंतीत देवळ्या, धान्याला बळद. मातीच्या त्या थरामुळे दुपारचं ऊन खोलीत उतरायला उशीर लागे. पण या घरांचं दुसरं अंगही विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यातली कितीतरी दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं ओझं अंगावर येऊन गेली. म्हणून माळवदाचा गारवा घे, त्याचं वजन नको. पलंगाच्या डोक्यावर जड माळा काढू नकोस आणि उंच कपाटं भिंतीला खिळवल्याशिवाय सुताराचा हिशोब पुरा करू नकोस.

आता छताकडे ये. चार-पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री खाली सोडतो. वैशाखात रात्री अकरालाही पंखा गरम वारा फेकतो तो यामुळेच. पीओपीचं छत लावलं तर मधल्या पोकळीनं थोडा फरक पडतो, पण वरचा स्लॅब तापायचा तो तापतोच. आधी गच्ची पांढरी करून घे, चुन्यानं किंवा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगानं. तेलंगणानं २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र ‘कूल रूफ’ धोरणच आणलं, आणि तिथलं ऊन आपल्यासारखंच आहे. छताच्या अंदाजातून उरतील ते पैसे पंख्यांकडे वळव. जुना पंखा ७०-८० वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. हा फरक घरमालकाला दर महिन्याच्या बिलात दिसेल आणि तुझ्यावरचा विश्वासही तिथूनच वाढेल.

सवण्याची नक्कल म्हणून स्लॅबला काच बसवायची टूम निघाली आहे. मराठवाड्यात आडव्या काचेतून उजेडासोबत सगळं ऊनही आत येतं. त्याऐवजी उत्तरेच्या भिंतीत वर झरोका ठेव आणि पश्चिमेच्या खिडकीवर सज्जा किंवा जाळी दे. चुन्याचा हात शहरात ‘लाइम वॉश’ म्हणून महाग विकला जातो. नेकनूरला तो जरूर दे, पण ऑइलपेंट असलेल्या भिंतीवर चुना धरत नाही. आधी ती खरवडावी लागेल. टीव्हीमागचं चरांचं पॅनल हवंच असेल तर लहान तुकड्यात भागव. चरांत बसलेली धूळ काढायचं काम घरातल्या बाईच्याच वाट्याला येतं.

स्वयंपाकघरात तर फोटो बाजूलाच ठेव. घरातल्या बाईला भाकरी थापायला लाव आणि तेव्हा मोजमाप घे. ओटा उंच झाला तर थापताना खांदे वर उचलले जातात आणि दहा भाकरींत पाठ भरून येते. परात किंवा काठवट मावेल एवढा ओट्याचा तुकडा दोन-तीन इंच खाली घ्यायला गवंड्याला फार खर्च येत नाही. बसून थापायची सवय असेल तर जमिनीवर तेवढी जागा मोकळी सोड. मॉड्युलर ट्रॉल्यांत ज्वारी-गव्हाची वर्षाची बेगमी मावत नाही, तेव्हा कोठ्यांची जागा पहिल्याच नकाशात दाखव. तीच गोष्ट पाण्याची. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्याकडेही टँकरचे दिवस नवे नाहीत. पिंप आणि हंडे कुठे राहतील हे ठरवल्याशिवाय ओट्याचा रंग ठरवू नकोस.

ओट्याखाली एमडीएफ वापरू नकोस. पाणी लागलं की तो फुगतो. मरीन प्लायवर ‘आयएस ७१०’ हा शिक्का असतो, साध्या प्लायवर ‘आयएस ३०३’. नुसत्या शिक्क्यावरही जाऊ नकोस. तक्त्याची कड बघ, मधल्या थरांत पोकळी दिसते का. एक तुकडा पाण्यात उकळून बघ, थर सुटतात का. फरशीला शहाबादी किंवा तांदूरचा दगड आपल्याला जवळ पडतो आणि पायाला गार लागतो. मात्र तो चुनखडीचा असल्यामुळे अॅसिडनं धुवायचा नाही, हे घरमालकाला लिहून दे. न्हाणीत खरखरीत फरशी आणि म्हाताऱ्या माणसांना धरायला दांडा, हे त्यांनी मागितलं नाही तरी दे.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष असू दे. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून कोयते बाहेर पडतात. लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि त्यांची घरं सहा-सहा महिने कुलपात राहतात. अशा घराची सजावट करायचा विचार कोणत्याच मासिकात सापडत नाही. तो तू कर. भिंतीपासून दोन बोटं सुटं ठेवलेलं कपाट, त्याच्या दारांना हवेची जाळी, वाळवीचा बंदोबस्त, धान्याला पत्र्याच्या कोठ्या, सगळी वीज एका ठिकाणी बंद करता येईल असा स्विच.

प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं असतं, म्हणजे २७० चौरस फुटांच्या आत-बाहेर. घडीचा पलंग, खाली सामान मावेल असा बाक, नऊ इंची भिंतीत बांधतानाच सोडलेल्या साडेचार इंची देवळ्या एवढ्यानं त्या घरात वावरायला जागा होते. नकाशाची बेताची फी घे, पण ही कामं घे. लहान जागेत सगळं बसवण्याचं कसब पुढच्या काळात सगळीकडे लागणार आहे, आणि ते या कामांत तुला रोज शिकता येईल.

शोभेसाठी लांब जायला नको. संभाजीनगरच्या हिमरूचे अभ्रे करता येतील, आणि घरातल्या आजीची गोधडी भिंतीवर लावली तर फ्रेमचा खर्च वाचेल. तिला विचारून मात्र घे.

परवा मोजमापाला जाशील तेव्हा दुपारी तीनला जा. कोणती भिंत हाताला तापलेली लागते ते वहीत लिही, आणि मग फोटोंतल्या एकेका गोष्टीपुढे खर्च मांड. अंदाजपत्रक पक्कं करण्याआधी मामाकडे पाठव. सुताराचे आणि फरशीवाल्याचे भाव इथं ताडून बघता येतील.

आक्काला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा