एक घालून बघितलं, जुळलं!

वसईत होळीच्या बाजाराजवळ मी शिकवण्या घेते. बैजिक राशी सुरू झाल्या की वह्यांत दरवर्षी त्याच चुका उगवतात, त्यामुळे लाल पेन हातात घेताना मला फारसं आश्चर्य वाटत नाही. पण एका मुलीच्या वहीनं मला थांबवलं. तिनं ३क्ष + ४ चं उत्तर ७क्ष लिहिलं होतं. चूक जुनीच. मात्र खाली तिनं ताळाही करून दाखवला होता: क्ष = १ घेतला, डावीकडे ३ + ४ म्हणजे ७, उजवीकडेही ७. "बाई, जुळतंय तर चूक कशी?"

प्रश्न रास्त होता. ताळा करणारं मूल मुळात दुर्मीळ, आणि इथं ताळ्यानंच तिला फसवलं होतं. ३क्ष + ४ आणि ७क्ष या दोन राशी क्ष = १ ला, आणि फक्त तेव्हाच, सारख्या होतात. क्ष = ५ घेतला की एकीकडे १९ येतात, दुसरीकडे ३५.

म्हणून ताळ्यासाठी किंमत निवडून घ्यावी. १ चा कितीही वेळा गुणाकार केला तरी १ च, त्यामुळे क्ष आणि क्षचा वर्ग यांतला फरक तो झाकून टाकतो. शून्य तर क्षची सगळी पदं गिळून टाकतं. २ सुद्धा दगा देतो: २ची दुप्पट ४ आणि २चा वर्गही ४, त्यामुळे क्ष × क्ष = २क्ष लिहिणारा सुखरूप सुटतो. ३ किंवा ५ घ्यावेत, आणि एकावर थांबू नये. दोन्ही राशींत क्षचा वर्ग वगैरे नसेल आणि दोन वेगवेगळ्या किमतींना त्या जुळल्या, तर त्या कायम समानच असतात. वर्ग असेल तर तीन किमती लागतात.

आता या चुकीचं मूळ. सजातीय पदं शिकवताना सर्रास सांगतात की तीन केळी आणि चार आंबे मिळून सात केळी होत नाहीत. मुलांना ते लगेच पटतं, आणि तिथंच घोळ होतो. क्ष म्हणजे केळं असं डोक्यात बसलं की क्ष × क्ष म्हणजे काय, केळं गुणिले केळं? क्ष ही वस्तू नव्हे, संख्या आहे. केळ्यांचा भाव म्हणा, हवं तर.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' लिहिलं तेव्हा अज्ञात संख्यांना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं वापरली. यातली बरीचशी रंगांची. नुसत्या संख्येपुढे 'रू', म्हणजे रूप. आपलं ३क्ष + ४ त्या पद्धतीत 'या ३ रू ४' असं मांडलं जाई. एका जातीच्या पदांची बेरीज-वजाबाकी करायची, वेगळ्या जातीची वेगळी ठेवायची, हा नियमही त्यांनी दिला आहे. 'या' आणि 'रू' शेजारी दिसत असताना त्यांचे सात 'या' करायला कुणाचा हात धजावेल? आपण मात्र ४ ला काहीच खूण देत नाही, म्हणून तो बिचारा कुणाच्याही पदरात पडतो.

याहून जास्त गुण कंसाबाहेरचं वजाचिन्ह खातं. ५ − २(क्ष − ३) घ्या. काही मुलं आधी ५ − २ करून ३(क्ष − ३) लिहितात. 'कंचेभागुबेव' त्यांना पाठ असतं, पण कंसातलं क्ष − ३ आणखी सुटत नाही म्हटल्यावर ती गांगरतात आणि डावीकडून जे दिसेल ते उरकतात. गुणाकार वजाबाकीच्या आधी, हे तिथं विसरलं जातं. बाकीची ५ − २क्ष − ६ लिहितात.

इथं 'वजा वजा अधिक' घोकायला लावण्यापेक्षा मी बाजारातला हिशेब मांडते. एका डझनाचा भाव क्ष रुपये, डझनामागे १० रुपये सूट, दोन डझन केळी घेतली, ५०० ची नोट दिली. परत किती? ५०० − २(क्ष − १०). सुटीचे २० रुपये आपल्या खिशात यायचे, म्हणून ५०० − २क्ष + २०, म्हणजेच ५२० − २क्ष. भाव ६० असेल तर ४०० परत. वजा २० लिहिलं तर ३६०, आणि ४० रुपये गेले. एकदा पैसे कमी आलेले दिसले की मुलं ते चिन्ह सहसा विसरत नाहीत. ५ − २(क्ष − ३) चं उत्तर मग ती स्वतःच ११ − २क्ष आणतात.

हातालाही दोन सवयी हव्यात. कंस सोडताना बाहेरची संख्या तिच्या चिन्हासकट, म्हणजे २ नव्हे तर −२, आतल्या प्रत्येक पदाला गुणावी. आणि कंस सोडणं व सजातीय पदं एकत्र करणं या दोन पायऱ्या वेगळ्या ओळींवर लिहाव्यात. जागा वाचवण्यासाठी एका ओळीत दोन्ही उरकणारी मुलं माझ्याकडे सगळ्यात जास्त चुकतात, आणि त्यांत हुशार मुलांचाच भरणा असतो.

पालकांना विनंती एवढीच: वही बघताना उत्तर मागच्या पानाशी जुळलं का, हे विचारू नका. ताळ्याला कोणती किंमत घेतली, ते विचारा. १ म्हणाली, तर ५ घ्यायला सांगा.