एलिनॉर रूझवेल्ट आणि आमचा पूर्वग्रह

एखाद्या थोर व्यक्तीचें चरित्र वाचावयास घेतलें म्हणजे पहिल्या पानापासूनच तिच्याविषयीं आदर वाटावा, अशी सर्वांची अपेक्षा असते. श्रीमती एलिनॉर रूझवेल्ट यांच्या बाबतींत आमचा अनुभव अगदीं उलट झाला. प्रथम त्या आम्हांस मुळींच आवडल्या नाहींत. ही नावड कशी उत्पन्न झाली व पुढें कशी गेली, हें विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगतों.

बाईंचा जन्म ११ ऑक्टोबर १८८४ रोजीं न्यूयॉर्क येथें एका श्रीमंत घराण्यांत झाला. चुलते थिओडोर रूझवेल्ट अमेरिकेचे अध्यक्ष होते. पति फ्रँकलिन रूझवेल्ट हेही १९३३ पासून १९४५ पर्यंत अध्यक्ष होते. तेव्हां बाईंचें मोठेपण म्हणजे चुलत्याची आणि नवऱ्याची पुण्याई, असें आम्हीं ठरवून टाकलें. पुढें वाचतों तों आणखी दोन गोष्टी आढळल्या. स्त्रियांना मताधिकार असावा असें या बाईंना तरुणपणीं वाटत नव्हतें. आणि १९१८ सालीं सासूबाईंना लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं ज्यू लोकांविषयीं तुच्छतेचे उद्गार काढले होते. हें वाचून आम्हीं पुस्तक मिटून ठेवलें.

कांहीं दिवसांनीं तें पुन्हां उघडलें, आणि निराळीच बाई आमच्यासमोर उभी राहिली. दहा वर्षांची होण्यापूर्वींच ही मुलगी आईबापांस पारखी झाली होती. स्वभाव अत्यंत भिडस्त. सभेंत बोलावयाचें म्हटलें कीं भीति वाटावयाची. १९२१ सालीं पतीचे पाय पक्षघातानें लुळे पडले, तेव्हां त्यांचें नांव लोकांपुढें राहावें म्हणून बाई सभांतून बोलूं लागल्या. अध्यक्षांच्या पत्नी झाल्यावर त्यांनीं आपल्या वार्ताहर-परिषदांस केवळ स्त्री-वार्ताहरांनाच प्रवेश ठेवला. त्यामुळें वृत्तपत्रांस स्त्रियांना नोकरीवर ठेवणें भाग पडलें. १९३९ सालीं मॅरियन अँडरसन या निग्रो गायिकेस वॉशिंग्टनमधील एका सभागृहांत गावयास मज्जाव झाला. तें सभागृह ज्या संस्थेचें होतें, तिच्या सभासदत्वाचा बाईंनीं जाहीर राजीनामा दिला. त्याच वर्षीं ९ एप्रिलला ती गायिका लिंकन स्मारकासमोर उघड्यावर सुमारें ७५,००० श्रोत्यांपुढें गायिली. आणि ज्या ज्यू लोकांविषयीं पूर्वीं तसे उद्गार काढले, त्यांपैकीं हिटलरच्या छळामुळें पळालेल्यांस अमेरिकेंत आश्रय मिळावा म्हणून याच बाई खटपट करूं लागल्या.

पतीच्या निधनानंतर, डिसेंबर १९४५ मध्यें, अध्यक्ष ट्रूमन यांनीं त्यांस संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभेसाठीं प्रतिनिधि नेमलें. सेनेटर व्हँडेनबर्ग व डलेस या सहकाऱ्यांस ही नेमणूक पसंत नव्हती. बाईंस एका किरकोळ समजल्या जाणाऱ्या समितींत बसविण्यांत आलें. परंतु युद्धांतील निर्वासितांचा बिकट प्रश्न त्याच समितीपुढें आला. निर्वासितांस त्यांच्या इच्छेविरुद्ध मायदेशीं धाडूं नये, ही बाजू बाईंनीं रशियन प्रतिनिधींस तोंड देऊन मांडली, आणि ती मान्य झाली. त्या दोघां गृहस्थांनीं आपलें मत बदलल्याचें पुढें मोकळेपणानें कबूल केलें.

मग मानवी हक्कांच्या आयोगाचें अध्यक्षपद बाईंकडे आलें. तेथें भारताच्या प्रतिनिधि श्रीमती हंसा मेहता होत्या. महर्षि कर्वे यांनीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरु म्हणून महाराष्ट्रास त्या परिचित आहेत. जाहीरनाम्याच्या मसुद्यांत ‘ऑल मेन’ असे शब्द होते. ‘मेन’ या शब्दांत स्त्रियाही येतातच, असें अध्यक्षीणबाईंचें म्हणणें. कित्येक देश याचा अर्थ केवळ ‘पुरुष’ असाच घेतील, अशी हंसाबाईंची हरकत. शेवटीं अनेक स्त्रियांच्या आग्रहास यश येऊन तेथें ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’, म्हणजे सर्व माणसें, असे शब्द आले. १० डिसेंबर १९४८ रोजीं पॅरिस येथें जाहीरनामा ४८ मतांनीं संमत झाला; ८ राष्ट्रें तटस्थ राहिलीं, विरुद्ध मत एकही पडलें नाहीं. १९६२ सालीं बाईंचें निधन झालें.

विद्यार्थीमित्रहो, १९१८ चीं तीं पत्रें खोटीं नव्हतीं, आणि तीं विसरावीं असेंही आमचें म्हणणें नाहीं. आम्हांस जें आढळलें तें खरेंच होतें. चूक झाली ती तेथेंच पुस्तक मिटण्यांत. जी बाई चौतिसाव्या वर्षापूर्वीं लिहिलेल्या त्या पत्रांवर आपणांस अडकवून न घेतां साठी उलटल्यावरही शिकत राहिली, तिचा न्याय एका पत्रावरून करणारे आम्ही मात्र शिकावयाचें थांबलों होतों. वर्गांतील एखाद्या सोबत्याविषयीं अथवा शेजाऱ्याविषयीं आपलें मत असेंच एखाद्या जुन्या गोष्टीवर थांबलें असेल, तर त्या गोष्टीनंतर त्यानें काय केलें, हें एकदां विचारून पाहावें.