चिट : शब्द एक, अर्थ अनेक

नोकरी किंवा कामधंद्यासाठी बराकपूरला राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ‘चिट’ हा शब्द दोन अर्थांनी ऐकू येतो. गावी भिशी लावलेल्या माणसाला चिट म्हणजे भिशीच वाटते. बंगाली शेजाऱ्याला ‘चिट फंड’ म्हटले की बुडालेले पैसे आठवतात. पैसे देण्यापूर्वी समोरचा माणूस कोणत्या अर्थाने ‘चिट’ म्हणतो आहे, हे ओळखणे हा या पाठाचा विषय आहे.

१. चिट म्हणजे कागद

आपली ‘चिठ्ठी’ इंग्रजीत गेली आणि ‘चिट’ होऊन परत आली. ‘चिटणीस’ या शब्दातही हीच चिठ्ठी आहे. व्यवहारात चिट म्हणजे साधा कागदाचा तुकडा. ‘पाच हजार मिळाले’ एवढेच लिहिलेली चिट पक्की पावती ठरत नाही. पावतीवर संस्थेचे नाव, तारीख, खाते क्रमांक, रक्कम आणि सही हवी.

२. चिट म्हणजे भिशी

ठरावीक माणसे दरमहा ठरावीक रक्कम जमवतात आणि दर महिन्याला एकजण ती उचलतो. कोणी उचलायची, हे चिठ्ठी टाकून किंवा लिलावाने ठरते. ओळखीतली भिशी बहुधा विश्वासावर चालते. उचल घेतलेल्याने पुढचे हप्ते थांबवले, तर बाकीचे अडकतात.

३. चिट म्हणजे नोंदणीकृत चिट फंड

चिट फंड कायदा, १९८२ प्रमाणे हा कायदेशीर व्यवसाय आहे. त्यावर देखरेख राज्य सरकारच्या चिट निबंधकाची असते. चालकाला आधी मंजुरी घ्यावी लागते, तारण ठेवावे लागते आणि सभासदाला कराराची प्रत द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालकाचे कमिशन चिटच्या रकमेच्या ७ टक्क्यांपर्यंत असू शकते.

उदाहरण पाहा. सभासद २०, हप्ता २,००० रुपये, चिट ४०,००० रुपयांची. गरजू सभासदाने लिलावात ६,००० रुपये सोडले, तर त्याला ३४,००० मिळतील. सोडलेल्या रकमेतून ५ टक्के कमिशन, म्हणजे २,००० रुपये, चालकाचे. उरलेले ४,००० रुपये २० जणांत वाटले की प्रत्येकी २०० आले. म्हणजे त्या महिन्याचा हप्ता १,८०० रुपयेच पडला. नफा येतो तो दुसऱ्या सभासदाच्या गरजेतून. त्यामुळे तो आधी ठरवून सांगता येत नाही.

४. बंगालमधला ‘चिट फंड’

एप्रिल २०१३ मध्ये सारदा समूह कोसळला आणि असंख्य छोट्या ठेवीदारांचे पैसे अडकले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘चिट फंड घोटाळा’ म्हटले. पण तिथे ना सभासदांचा ठरलेला गट होता, ना दरमहा लिलाव. जमीन, सदनिका, सहल अशा योजनांच्या नावावर लोकांकडून पैसे गोळा केले जात होते. राज्य सरकारला ठेवीदारांसाठी ५०० कोटींचा मदतनिधी जाहीर करावा लागला. गावोगावचे एजंट ओळखीचे होते, म्हणून लोकांनी कागद तपासले नाहीत. अशा अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे.

पैसे देण्यापूर्वी विचारा

• माझे पैसे कोणाच्या नावे जमा होणार? एजंटच्या खात्यात भरू नका.
• चिट असेल तर निबंधकाची मंजुरी आणि कराराची प्रत कुठे आहे?
• ‘इतके टक्के नक्की मिळतील’ असे आश्वासन आहे का? असल्यास ती चिट नव्हे.
• ‘कंपनीला क्लीन चिट मिळाली आहे’ असे कोणी म्हणाले, तर कोणी दिली आणि कशाबद्दल, हे लेखी मागा.

हेही लक्षात ठेवा

बँकेतील ठेवीला व्याजासह प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. चिट फंडाला, नोंदणीकृत असला तरी, हा विमा नाही. नोंदणीकृत चिटची तक्रार चिट निबंधकाकडे करावी. बेकायदा ठेवी गोळा होत असतील तर पोलिसांकडे जावे आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर कळवावे. शब्दाचा अर्थ चुकला, तर माणूस भलत्याच कार्यालयाच्या फेऱ्या मारत बसतो.

स्वाध्याय

घरातील सर्व चिटा, पावत्या आणि पासबुके एकत्र काढा. प्रत्येकीवर वरीलपैकी कितवा अर्थ लागू होतो, ते पेन्सिलीने लिहा. ज्या कागदावर आकडा लिहिता येणार नाही, त्याचा पुढचा हप्ता भरण्यापूर्वी बँकेत येऊन तो दाखवा.